वार्निश पाजण्याआधी

माझ्या धंद्यात गुणगुणणारी वस्तू आजारी समजतात. मोटर गुणगुणली पण फिरली नाही, तर एक फेज गेलेली असते. पंखा गुणगुणला की कपॅसिटर बघायचा, ट्रान्सफॉर्मर गुणगुणला की आतल्या पट्ट्या. गोंदियात, फुलचूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं वाइंडिंगचं दुकान होतं. तिथे आलेल्या प्रत्येक वस्तूची गुणगुण बंद करून मी ती परत पाठवायचो आणि लोक त्यासाठीच यायचे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा हजारो मोटरा सोडून मला एकच वस्तू आठवली. तिचा आवाज मी बंद करायला नको होता.

वाइंडिंग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोटरच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. धानाच्या दिवसांत व्होल्टेज पडतं, मोटर तशीच कण्हत चालते आणि एक दिवस जळते. मग शेतकरी ती खांद्यावर किंवा सायकलच्या कॅरिअरवर घालून आणतो आणि म्हणतो, भरून दे. आम्ही जळकी तार काढतो, खाचा साफ करतो, नवी वेटोळी बसवतो आणि शेवटी वार्निश पाजतो. हे शेवटचं काम बाहेरच्यांना दिसत नाही, पण सगळं त्यावर अवलंबून असतं. वेटोळी सुटी राहिली तर ती थरथरतात, एकमेकांवर घासतात, तारेवरचा मुलामा जातो आणि मोटर पुन्हा जळते. वार्निश आत मुरलं आणि दोनशे वॉटच्या बल्बखाली वाळलं की सगळं दगडासारखं घट्ट होतं, मग काहीच हलत नाही. माझे उस्ताद एका राईस मिलमध्ये होते. ते एवढंच सांगायचे, "कच्चा माल दुकान से बाहर नहीं जाना चाहिए." वार्निशशिवाय कॉइल देणं म्हणजे अर्धकच्चा भात ताटात वाढणं, असं आम्ही मानत आलो.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार होती. एका मिलचे मुनीमजी मोटरीबरोबर स्वतः येऊन बाकावर बसायचे, मी तांबं बदलू नये म्हणून. दुपारी तिथेच डुलक्या घ्यायचे आणि जागे झाले की मोटरीवर हात ठेवून बघायचे. कचारगडच्या जत्रेच्या दिवसांत सालेकशाकडून जनरेटर यायचे, धुळीनं इतके माखलेले की आधी आंघोळ घालावी लागे. एका शेतकऱ्याच्या मोटरीत बेडूक निघाला. त्यानं तो ओंजळीत घेतला, मागच्या डबक्यात सोडून आला आणि मगच मोटरीला काय झालं ते विचारलं. अशी माणसं भेटत होती म्हणून या धंद्यात मन रमलं, नाहीतर त्यात काळे हात आणि पाठदुखी याशिवाय दुसरं काही नाही.

हेमराजभाऊ आले ते दोन हजार तीन-चारच्या सुमाराला, पावसाळा उतरणीला लागला होता तेव्हा. ते सौंदडजवळच्या एका खेड्यातले. धानाची शेती करत आणि हौस म्हणून सुतारकाम. घरात पोवारी बोलत, गावात झाडीबोली आणि गोंदियाच्या स्टेशनावर उतरले की हिंदी. पण त्यांची गावातली खरी ओळख गाण्याची होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, आकाशपाळणे येतात, लेकीजावई येतात आणि दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं आमचं लोकनाट्य, होते. दंडारीची सुरुवात गणानं, म्हणजे गणपतीच्या स्तवनानं होते. हेमराजभाऊंच्या गावात हा गण कित्येक वर्षं त्यांनीच म्हटला होता आणि त्यांचा आवाज माईकशिवाय तलावाच्या पाळीपर्यंत जायचा, असं लोक सांगत.

तो आवाज मी कधी ऐकला नाही. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली होती. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, हे आमच्या भागातलं दुसरं पीक आहे, त्याचीच ही कृपा. जीव वाचला, आवाज गेला. उरली होती ती खरखर, आणि तीही ऐकायला समोरच्याला कान पुढे करावा लागे. त्यांनी चादरीत गुंडाळलेली एक लांबोडी वस्तू माझ्या टेबलावर ठेवली.

"मोटरा भरतेस ना गा, मिस्त्री?"

"भरतो."

"मंग हे भरून दे."

चादरीतून निघाली इलेक्ट्रिक गिटार. म्हणजे अर्धी गिटार. अंग सागवानाचं, घरी रंधलेलं, हात फिरवला तर कुठे अडणार नाही असं. मान कुण्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या मोडक्या गिटारीची, पण इतकी बेमालूम बसवलेली की जोड शोधावा लागला. तारा ताणलेल्या होत्या. तारांच्या खाली, पोटाच्या मधोमध, एक आयताकृती भोक होतं आणि ते रिकामं होतं.

त्या भोकात जे बसतं त्याला पिकअप म्हणतात. नागपूरच्या दुकानदारानं त्यांना सुटा पिकअप देण्याऐवजी अख्खी गिटार घ्यायला सांगितलं होतं. पिकअप म्हणजे उलटी मोटर. मोटरला वीज दिली की ती हलते, इथे लोखंडी तार हलली की वीज तयार होते. खाली चुंबक, त्यावर सहा तारांसाठी लोखंडाचे सहा खुंटे आणि खुंट्यांभोवती केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे. तयार होणारी वीज मुंगीच्या ताकदीची असते. तिला मोठं करायचं काम पुढे अॅम्प्लिफायर करतो.

"पण गिटारच काऊन?" मी विचारलं. "तुम्ही तर गाणारे."

"गरा गेला," ते म्हणाले. "बोटं हायेत ना अजून."

मग बाकावर बसून त्यांनी मागच्या मंडईची हकिकत सांगितली. लोकांच्या आग्रहाखातर ते माईकसमोर उभे राहिले होते. माईकनं त्यांची खरखर जशीच्या तशी मोठी केली आणि सगळ्या मैदानाला ऐकवली. "पोट्टे हासले," ते म्हणाले. "मोठे गप बसले, ते जास्त वाईट." तेव्हा त्यांनी ठरवलं, गण गिटारीवर वाजवायचा. मंडईला अजून दोनेक महिने होते.

केसाइतकी तार गोंदियात मिळत नव्हती. पण त्या काळात लोकांच्या घरचे चकतीचे जुने मीटर निघून नवे बसत होते आणि जुने भंगारात येत होते. त्यांच्या आत एक कॉइल असते, तिची तार नेमकी तशी. भंगारवाल्याकडून मी काही कॉइली आणल्या आणि उलगडायला बसलो. माझ्या बोटांना सुतळीएवढ्या तारेची सवय. ही तार हाताला लागतच नव्हती, तुटली की मगच कळायचं की ती होती.

पहिली कॉइल मी यंत्र सोडून हातानं गुंडाळली. जरा ताण दिला की तार तुटे, म्हणून ढिली, जमेल तशी. कुठे जास्त, कुठे कमी, त्यापेक्षा मैनेचं घरटं बरं. दुकानाच्या मागेच राईस मिल होती. एकच कॉइल असली की ती तारांबरोबर आजूबाजूच्या विजेची घुंऽऽ अशी गुणगुणही पकडते, आणि मिल सुरू झाली की ही कॉइल मिलसारखीच बोलायला लागे. ते थोडं अडावं म्हणून मी तुपाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून कॉइलवर झाकणासारखा ठेवला. नुसता ठेवला, चिकटवला नाही, कारण ती फक्त प्रयोगाची कॉइल होती.

तोवर हात बसला होता. दुसरी कॉइल मी यंत्रावर केली, वेढ्याला वेढा लावून, आणि वार्निश पाजून बल्बखाली वाळवली. दिसायला अशी की शोकेसमध्ये ठेवावी. तिसरी माझ्या डोक्यातून निघाली. दोन कॉइली शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे आणि चुंबक दुसरीच्या उलट. मग विजेची गुणगुण एकमेकींना मारते आणि तारांचा आवाज तेवढा राहतो. पुढे कळलं की हे जगात फार पूर्वीच कुणीतरी करून ठेवलंय. तेव्हा मात्र मी दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडलो.

निवड करायला हेमराजभाऊ दुपारच्या गाडीनं आले. माझ्याकडे दुरुस्तीला आलेला, मालक न्यायलाच न आलेला एक मोठा टेपरेकॉर्डर होता. त्याच्या माईकच्या भोकात मी गिटारीची वायर लावली, म्हणजे तोच आमचा अॅम्प्लिफायर आणि तोच स्पीकर.

आधी तिसरी लावली. गुणगुण नाही, काही नाही. आवाज गोल, गुळगुळीत. हेमराजभाऊंनी थोडं वाजवलं आणि मान हलवली. "उशीखालून आल्यासारका वाट्टे."

दुसरी लावली. ही माझी लाडकी. त्यांनी बराच वेळ वाजवली, कारण मी तोंडाकडे बघत होतो. "चांगली हाये," ते म्हणाले. "शाळेत पयल्या नंबरात येनाऱ्या पोट्ट्यावानी हाये. चुकत नाही, पन खेरत बी नाही."

मग नाइलाजानं पहिली लावली. मिल सुरूच होती, त्यामुळे आधी घुंऽऽ आलं. हेमराजभाऊ गिटार घेऊन बाकावर हळूहळू फिरले, एका ठिकाणी घुं अगदी कमी झालं, तिथे थांबले. एकेरी कॉइलचं असं असतं, कुठे तोंड करून बसायचं ते तिला विचारावं लागतं. मग त्यांनी तार छेडली. त्या आवाजाला धार होती. काठावर थोडा फाटलेला, पण समोरच्याला हाक मारणारा. मी वाइंडिंगवाला माणूस, मला गाण्यातलं काही कळत नाही, तरी कळलं की आपलं सगळ्यात गचाळ काम सगळ्यात चांगलं वाजतंय. मला त्याचा थोडा रागच आला.

"हेच," ते म्हणाले.

त्यांना आनंद झाला होता. ते कॉइल नीट बघायला गिटारीवर वाकले, तोंड तारांच्या अगदी जवळ आणलं आणि त्यांच्या त्या खरखरीत आवाजात मला म्हणाले, "चाय सांग ना गा."

आणि ते वाक्य स्पीकरमधून आलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे. पुन्हा वाकले आणि म्हणाले, "मिस्त्री." स्पीकर म्हणाला, "मिस्त्री." माईकमधून यावा तसा तो आवाज नव्हता. खरखर कुठेतरी गाळली गेली होती आणि मागे सहाही तारा हळूच वाजत होत्या, त्यामुळे आवाजाला एक अंग आलं होतं. जाड नव्हता, मोठा नव्हता, पण तो माणसाचा आवाज होता आणि त्याला सूर होता.

काय झालं ते मला थोड्या वेळानं कळलं. टेलिफोनच्या चोंग्यात तरी दुसरं काय असतं? चुंबक, कॉइल आणि समोर थरथरणारा पातळ पत्रा. माझी कॉइल ढिली, वरचा पत्रा सुटा, म्हणून ती तारांबरोबर बोलणंही ऐकत होती. पक्क्या मालात असं कधी होत नाही. हे मी त्यांना समजावून सांगायला लागलो, पण ते ऐकत नव्हते. डोळे मिटून, ओठ तारांना टेकवून ते गण म्हणत होते. पहिलं कडवं त्यांनी पुरं केलं. मी तोंड फिरवून उगाच पाना शोधत राहिलो, कारण मला रडू येत होतं.

टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट होती. रेकॉर्डिंगचं लाल बटण माझ्या हाताजवळ होतं. ते दाबायचं मला सुचलं नाही. त्या दिवसाचं आठवलं की सगळ्यात आधी ते बटण आठवतं.

"यंदा मंडईले गन मीच मनतो," हेमराजभाऊ उठताना म्हणाले. "वाजवत नाही. मनतो."

"वार्निश पाजून देतो मग. कच्चा माल..."

त्यांनी गिटार माझ्यापासून लांब धरली. "हात नोको लावू. जसं हाये तसं राहू दे."

माझ्या दुकानातून वार्निशशिवाय बाहेर गेलेली ती एकच कॉइल. चहा सांगायचा राहूनच गेला आणि ते गाडीला निघून गेले.

मंडईच्या दिवशी मी सकाळीच त्यांच्या गावाला पोचलो. पिशवीत टेस्टर, पकड, सोल्डर आणि वार्निशची बाटली होती. या गोष्टी मी लग्नालासुद्धा नेतो, बायको त्यावरून बोलते. शाळेसमोरच्या मैदानात स्टेज बांधलं होतं. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे बॉक्स. साऊंडवाला गोंदियाचा तरुण होता, कामाला चोख. हेमराजभाऊ नवा सदरा घालून स्टेजवर बसले, तोंड तारांजवळ नेलं आणि त्यांनी पहिला शब्द उच्चारायच्या आत बॉक्समधून एक चिरका आवाज निघाला. झाडावरचे कावळे उडाले.

"काका, ये तो सीटी मार रहा है," साऊंडवाला कानांवर हात ठेवून म्हणाला.

आम्ही सगळं करून बघितलं. बॉक्स लांब नेले, तोंडं फिरवली, हेमराजभाऊंना स्टेजच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात बसवलं. आवाज कमी केला की चिरक थांबे, पण मग बोलणं पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा जाईना. वाढवला की शब्दाआधी चिरक. कारण साधं होतं. आमच्या त्या पत्र्याला माणसाचा आवाज ऐकू येत होता, तसा बॉक्सचाही येत होता. बॉक्स जे बोलेल ते तो पुन्हा बॉक्सलाच सांगायचा. टेपरेकॉर्डरच्या एवढ्याशा स्पीकरसमोर हे कधी झालंच नव्हतं आणि मोठ्या बॉक्ससमोर काय होईल हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

ऊन चढलं. लेकीजावई यायला लागले होते. पाळणेवाल्यानं पाळणा सुरू केला. दंडारीतली माणसं खाली उभी राहून वर बघत होती. त्यांच्यातले एक म्हातारे झिलकरी, म्हणजे मागे साथीला गाणारे, मला म्हणाले, "नुस्ती वाजली तरी चालते ना बाबू. बंद नोको पडाले."

हेमराजभाऊ स्टेजवरून उतरले आणि मला शाळेच्या ओसरीत घेऊन गेले.

"चिरक जाईल का?"

"वार्निश पाजलं की जाईल."

"अन् माहा आवाज?"

मला ठाऊक होतं की जे हलतं तेच ऐकतं आणि वार्निश हलणंच बंद करतं. पण माझ्या डोक्यात एक मधला मार्ग आला. फक्त वेटोळ्यांना ब्रशनं पातळ वार्निश लावायचं, पत्रा सुटाच ठेवायचा. चिरक निम्मी होईल, आवाज थोडा राहील. ते मी त्यांना सांगितलं आणि हेही सांगितलं की नक्की नाही.

त्यांनी गिटार माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "लाव. लोक येऊन राहिले."

त्यांच्या घरी मोठा बल्ब लावून मी कॉइल वाळत ठेवली. पातळ वार्निश गरम झालं की पाण्यासारखं होतं आणि वाट मिळेल तिथे जातं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, माझा जन्म त्यात गेला. मोटरीत त्यानं जिथे जावं असं आम्हाला वाटतं तिथे तर ते जातंच. इथे ते वेटोळ्यांतून उतरलं, खुंट्यांवरून पत्र्याखाली गेलं आणि पत्र्यासकट वाळलं. मी बल्ब बाजूला केला आणि पत्र्यावर नख वाजवलं. टक्‌ असा मेलेला आवाज आला. उचकटायला गेलो असतो तर केसाएवढी तार तुटली असती आणि संध्याकाळी वाजवायला काहीच उरलं नसतं.

कॉइल मी परत गिटारीत बसवून दिली आणि हेमराजभाऊंनी स्टेजवर जाऊन वायर जोडली. चिरक नाही. साऊंडवाल्यानं अंगठा वर केला. हेमराजभाऊ वाकले, ओठ तारांना लावले आणि काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग सरळ बसले आणि तारा जुळवायला लागले.

दिवस मावळायच्या आत त्यांनी गण वाजवला. मी खरं सांगतो, तो फार चांगला वाजला. गिटारीवर गण कुणी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या कडव्याला त्या म्हाताऱ्या झिलकऱ्यांनी शब्द धरले, मग बाकीच्यांनी, मग खाली बसलेल्या बायांनी. हेमराजभाऊंनी इतकी वर्षं म्हटलेला गण सगळ्या मैदानानं त्यांच्यासाठी म्हटला. लोक नंतर येऊन सांगत होते, हेमराजची गिटार बोलते. ते मान डोलावत होते.

निघताना मी त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, "सगळ्या गावानं म्हटला की गण."

"हो," ते म्हणाले. "सगळ्यायनं मनला. म्याच नाही मनला."

मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं की घरासाठी दुसरी कॉइल करून देतो. तशीच ढिली, तसाच सुटा पत्रा, आणि एक लहानसा स्पीकर. स्टेजवर नाही चालणार, पण ओसरीत बसून म्हणता येईल. त्यांचा चेहरा जरा उजळला. "दे बापा," ते म्हणाले. "घाई नाही." घाई नाही म्हणाले, तेच मी धरून बसलो. तेव्हा भारनियमन इतकं होतं की वीज आली की सगळे पंप एकदम सुरू होत आणि एकदम जळत. उन्हाळी धानाच्या मोटरा दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. त्या उरकल्या की करू, म्हटलं. मीटरच्या दोन कॉइली मी उलगडून रिळावर घेऊनही ठेवल्या होत्या.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना पुन्हा नागपूरला न्यावं लागलं. दुसरं ऑपरेशन झालं. बरे होऊन ते एकदा दुकानात आले तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि ती खरखरसुद्धा उरली नव्हती. मी मागच्या फळीवरून रीळ काढून दाखवलं, अजून करतो म्हटलं. त्यांनी माझ्या हातातलं रीळ घेतलं, फळीवर परत ठेवलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. चहा घेतला आणि गेले. पुढे काही वर्षं त्यांनी मंडईत गिटार वाजवली. मग एका हिवाळ्यात ते गेल्याचं मला सौंदडच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

दुकान मी आता बंद केलंय. नव्या मोटरा स्वस्त झाल्या, भरण्यापेक्षा लोक नवी घेतात. शटर अर्धं उघडून दुपारी बसतो एवढंच. दोनेक वर्षांपूर्वी एक बाई चादरीत गुंडाळलेली लांबोडी वस्तू घेऊन आत आल्या. चादर सोडायच्या आधीच मला कळलं. हेमराजभाऊंची मुलगी, वनिता. फुलचूरला राहते, नोकरी करते. बापाचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा ती अंगणवाडीत जात होती.

"काका, हे चालू आहे का बघता?" ती म्हणाली. "दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी बाबा मनत, मिस्त्रीनं यात एक दिवस माहा आवाज वापस देला होता."

"आणि घेतलाही मिस्त्रीनंच," मी म्हटलं. मी तिला सगळं सांगितलं. वार्निश, बल्ब, राहून गेलेली दुसरी कॉइल, लाल बटण.

"घेतल्याचं ते कधी बोलले नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "मले बाबाचा चांगला आवाज आठवत नाही काका. सगळे सांगतात, तलावाच्या पाळीपर्यंत जायचा. मले फक्त खरखर आठवते. म्हणून विचारून राहिली, वार्निश काढता येते का?"

येत नाही. वार्निश काढायचं तर तार जाळावी लागते. मीच धंदाभर हे अभिमानानं सांगत आलो होतो की माझं वार्निश निघत नाही. तेच तिला सांगावं लागलं.

तरी मी तो जुना टेपरेकॉर्डर काढला, मालक अजून आलेला नाही, आणि वायर लावली. मागची मिल सुरू होती. बारीक घुंऽऽ आलं. वनितानं एकदा तार छेडली, ती खणखणीत वाजली. मग तिनं विचारलं, "बाबा पहिलं काय बोलले होते यातून?"

मी सांगितलं.

ती हसली. तिला वाटलं असावं काहीतरी मोठं असेल. मग ती गिटारीवर वाकली, तोंड तारांच्या जवळ नेलं आणि हळूच म्हणाली, "चाय सांग ना गा."

स्पीकरमधून मिलची गुणगुण येत राहिली. ती तशीच वाकून थोडा वेळ ऐकत बसली.

मी उठलो आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा सांगून आलो.